मीठ आणि चुना : कोठे वापरावे, कोठे टाळावे



मीठ आणि चुना नाही असे शेतकऱ्याचे घर मिळणे कठीण. मीठ स्वयंपाकघरातील बरणीत असते, तर चुना पानाच्या डब्यात किंवा सणासुदीच्या सफेदीसाठी कोपऱ्यात ठेवलेला असतो. दोन्ही वस्तू स्वस्त आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीच्या आहेत. म्हणूनच त्या मोजून वापरण्याची सवय आपल्याला नाही. कोणी बांधावरचे तण मारण्यासाठी मूठमूठ मीठ टाकतो, कोणी कुंडीतील टोमॅटोला चुन्याचे पाणी घालतो, तर कोणी कोकणातील पाहुण्याने भातखाचरात चुना टाकला म्हणून आपल्याही काळ्या रानात टाकून पाहतो. अशा वापरात पैसा फारसा जात नाही, परंतु जमिनीचे होणारे नुकसान भरून निघण्यास कित्येक वर्षे लागतात.

या दोन्ही वस्तूंचे उपयोग खरोखरच अनेक आहेत. मात्र ज्या गुणामुळे लोणचे टिकते त्याच गुणामुळे रोप मरते, हे समजून घेतले म्हणजे वापर कोठे करावा आणि कोठे टाळावा हे आपोआप कळते.

मीठ काम कसे करते?

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्यात वजनाने सुमारे ३९ टक्के सोडियम आणि ६१ टक्के क्लोरीन असते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्याच वेळात पाणी सुटते. हे पाणी मिठाने फोडींतून ओढून काढलेले असते. ज्या बाजूला क्षार जास्त त्या बाजूला पाणी जाते, असा निसर्गाचा नियम आहे. लोणच्यात शिरलेल्या जिवाणूंच्या पेशींतील पाणीही असेच बाहेर ओढले जाते. त्यांची वाढ थांबते आणि पदार्थ टिकतो.

आता हीच गोष्ट मुळाशी घडली तर काय होईल? मातीतील पाण्यात क्षार वाढले की मुळांना पाणी घेता येत नाही. वाफसा असूनही पीक दुपारी माना टाकते, पानांच्या कडा करपतात, बी रुजत नाही. याशिवाय सोडियमचा आणखी एक दोष आहे. तो मातीच्या बारीक कणांना चिकटतो व त्यांची रचना मोडतो. भारी काळ्या जमिनीत हे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात, पाणी वरच साचते, वाळल्यावर जमीन दगडासारखी कठीण होते. यालाच आपण जमीन चोपण झाली असे म्हणतो.

स्वयंपाकघरातील मीठ

कैरीच्या लोणच्यात साधारणपणे फोडींच्या वजनाच्या १५ ते २० टक्के मीठ घालतात. अलीकडे तब्येतीच्या काळजीने लोणच्यातील मीठ कमी करण्याकडे कल आहे. परंतु मीठ कमी केले तर बरणी थंड जागी किंवा फ्रिजमध्ये ठेवावी व लोणचे लवकर संपवावे. कमी मिठाचे लोणचे वर्षभर फडताळात टिकेल अशी अपेक्षा धरू नये. खारातील मिरची, सांडगी मिरची, कोकणातील आमसुले व आगळ, खारवलेला बांगडा या सर्वांमागे मिठाचा हाच गुण आहे.

फ्लॉवरच्या गड्ड्यातील अळ्या काढण्यासाठी तुरे सुटे करून कोमट मिठाच्या पाण्यात १० ते १५ मिनिटे बुडवावेत. अळ्या बाहेर पडतात. मात्र मिठाच्या पाण्याने भाजीवरील कीटकनाशकाचा सर्व अंश जातो असे समजू नये. त्यासाठी फवारणी आणि काढणी यांमधील शिफारस केलेला कालावधी पाळणे हाच खात्रीचा उपाय आहे.

रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठच वापरावे. आयोडीनच्या अभावाने गलगंड होतो व मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. हे मीठ उघडे किंवा ओलसर जागी ठेवल्यास त्यातील आयोडीन कमी होते, म्हणून झाकणाच्या बरणीत ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसाला सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सुमारे एका चहाच्या चमच्याहून कमी मीठ खावे. लोणचे, पापड, खारी मासळी यांतील मीठही या हिशेबात धरावे.

बियाण्यासाठी मिठाचे द्रावण

शेतीत मिठाचा सर्वांत चांगला उपयोग बियाणे निवडण्यासाठी होतो, आणि हा उपयोग भांड्यातला आहे.

भातासाठी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून ३ टक्क्यांचे द्रावण करावे. त्यात बियाणे ओतून ढवळावे. पोचट, हलके व रोगट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकावेत. तळाशी बसलेले जड बी स्वच्छ पाण्याने दोन ते तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे व नंतर शिफारशीप्रमाणे बुरशीनाशकाची प्रक्रिया करावी.

बाजरीवरील अरगट रोगासाठी द्रावण अधिक तीव्र, म्हणजे २० टक्क्यांचे लागते. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवावे. अरगटाच्या काळसर गाठी व हलके बी वर येते. ते काढून जाळून टाकावे. अरगट विषारी असल्यामुळे हे वरचे बी जनावरांना किंवा कोंबड्यांना कधीही घालू नये. खाली राहिलेले बी भातासारखेच धुऊन सावलीत वाळवावे.

बी धुण्याचा कंटाळा केल्यास मीठ बियाला चिकटून राहते व उगवण कमी होते. तसेच उरलेले द्रावण रोपवाटिकेत किंवा परसबागेत ओतू नये. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपले भाताचे द्रावण जवळजवळ तितकेच खारे आहे, आणि बाजरीचे द्रावण त्याच्या पाच-सहा पट. एकाच द्रावणात बियाण्याचे अनेक घाणे काढावेत, म्हणजे टाकून द्यायचे पाणी कमी राहते. ते विहीर व झाडांपासून दूर, मुरमाड पडीक जागेवर टाकावे.

परसबागेत आणि शेतात मीठ

तण मारण्यासाठी मीठ टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. मिठाने तण मरते हे खरे, पण त्या जागी पुढे भाजीही येत नाही. शिवाय पावसाच्या पाण्याबरोबर मीठ शेजारच्या वाफ्यात उतरते. फरसबंद अंगणाच्या फटींतील गवतासाठीसुद्धा उकळते पाणी पुरते. पिकाच्या जमिनीत या कामासाठी मीठ मुळीच वापरू नये. लोणच्याचा खार, मीठ घालून भाज्या उकडलेले पाणी हेही कुंड्यांत ओतू नये. कुंडीत माती थोडी असते व क्षार निघून जायला वाट नसते, त्यामुळे तेथे नुकसान लवकर दिसते.

नारळाला मीठ घालण्याची प्रथा किनारपट्टीवर जुनी आहे. नारळाला क्लोरीन मानवते, त्यामुळे या प्रथेला आधार नाही असे म्हणता येत नाही. परंतु पालाशासाठी आपण जे म्युरेट ऑफ पोटॅश देतो त्यात सुमारे ४७ टक्के क्लोरीन असतेच. म्हणजे हे खत नियमित देणाऱ्या बागायतदाराने वेगळे मीठ घालण्याची गरज नाही. मीठ हे पालाशाची जागा घेऊ शकत नाही. देशावरील काळ्या जमिनीत लावलेल्या नारळाला तर मीठ घालूच नये.

सन २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे कुरतडून टाकली आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. गोगलगायीवर मीठ पडले की तिच्या अंगातील पाणी निघून ती मरते. म्हणून काही ठिकाणी शेतातच मीठ शिंपडण्याचा विचार पुढे येतो. तसे करू नये. गूळपाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधाच्या कडेने अंथरावीत. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात व मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत टाकाव्यात. मेलेल्या गोगलगायी खड्ड्यात पुराव्यात. अशा रीतीने काम मिठाचेच होते, पण मीठ बादलीत राहते. बांधाच्या आतल्या बाजूने कोरड्या चुन्याची चार इंच रुंदीची पट्टी टाकल्यास गोगलगायींना आत येण्यास अडथळा होतो. मात्र पावसाने पट्टी भिजली की तिचा उपयोग संपतो, ती पुन्हा टाकावी लागते. काळ्या रानात ही पट्टी बांधापुरतीच ठेवावी.

न टाकता येणारे मीठ

मी तर शेतात मीठ टाकत नाही, असे आपण म्हणाल. परंतु विहिरीच्या व बोअरच्या पाण्यातून क्षार येतच असतात. एक साधा हिशेब पाहू. पाण्याची विद्युत वाहकता १ डेसिसायमन प्रति मीटर असेल तर त्याच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे ०.६४ ग्रॅम विरघळलेले क्षार असतात. हे पाणी जिभेला खारट लागतही नाही. १० सेंमी खोलीची एक पाळी म्हणजे हेक्टरी १० लाख लिटर पाणी. म्हणजे एका पाळीत हेक्टरी ६४० किलो क्षार जमिनीत येतात. एकरी हिशेब केला तर ५० किलोची पाच पोती झाली.

हे सर्व क्षार काही खाण्याचे मीठ नसतात, त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचेही क्षार असतात. पण पाणी उन्हाने उडून जाते व क्षार मागे राहतात. पाण्याचा निचरा चांगला असेल तर पावसाळ्यात ते खाली धुऊन जातात. निचरा नसेल तर ते साठत जातात. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातील ऊस पट्ट्यात कितीतरी चांगल्या जमिनी अति पाणी आणि अपुरा निचरा यांमुळेच खारवट व चोपण झाल्या आहेत. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी मातीबरोबर पाण्याचेही परीक्षण करून घ्यावे, चर खोदून निचरा सुधारावा व ठिबकचा वापर करावा.

चुना म्हणजे काय?

बाजारात चुना या एकाच नावाखाली तीन निरनिराळे पदार्थ मिळतात. पहिला चुनखडी किंवा तिची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. हा सर्वांत सौम्य. चुनखडी किंवा समुद्रातील शिंपले भट्टीत भाजले की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात टाकला की खदखदतो, वाफा येतात आणि फकी किंवा निवलेला चुना तयार होतो. आम्लता कमी करण्याची तिघांची ताकद सारखी नाही. १०० किलो शुद्ध चुनखडीचे काम ७४ किलो निवलेला चुना किंवा ५६ किलो कळीचा चुना करतो. म्हणून शिफारस कोणत्या प्रकारच्या चुन्याची आहे हे पाहिल्याशिवाय मात्रा ठरवू नये.

खाण्यातील चुना

कोहळ्याचा पेठा करताना फोडी आधी चुन्याच्या निवळीत भिजवतात. चुन्यातील कॅल्शियम फोडींतील पेक्टिनशी जोडले जाते, फोडी टणक होतात व पाकात उकळल्या तरी विरघळत नाहीत. यासाठी खाण्याचा स्वच्छ चुना घ्यावा, रंगकामाचा नव्हे. एक लिटर पाण्यात चमचाभर चुना ढवळून रात्रभर ठेवावा व सकाळी वरची निवळी हलक्या हाताने ओतून घ्यावी. एक लिटर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो, त्यामुळे जास्त चुना घातल्याने निवळी अधिक कडक होत नाही. फक्त तळाशी गाळ वाढतो. भिजवलेल्या फोडी तीन-चार पाण्यांनी धुतल्याशिवाय पाकात घालू नयेत.

गुऱ्हाळात रसाची आम्लता कमी करण्यासाठी चुन्याची निवळी घालतात. रस आम्ल राहिला तर साखरेचे विघटन होऊन गूळ चिकट होतो व टिकत नाही. उलट चुना जास्त झाला तर गुळाचा रंग काळपट होतो, चवही बिघडते आणि बाजारात भाव पडतो. म्हणून निवळी अंदाजाने न ओतता सामू कागदाने रस तपासत थोडी थोडी घालावी. रस निवळण्यासाठी भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरणे चांगले.

रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खाल्ल्याने हाडे मजबूत होतात व अनेक आजार बरे होतात, असा प्रचार अलीकडे बराच ऐकू येतो. त्यावर विसंबू नये. चुना दाहक आहे, तोंडाची व अन्ननलिकेची आतली त्वचा त्याने पोळते. तंबाखूबरोबर तर तो कर्करोगाचा धोका असलेल्या सवयीचाच भाग आहे. कॅल्शियमसाठी दूध, दही, तीळ आणि नाचणी खावी. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते.

चुना कोणत्या जमिनीला द्यावा?

जास्त पावसाच्या कोकणात जमिनीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम धुऊन जाते. मागे लोह व ॲल्युमिनियम राहतात. अशी जांभी जमीन आम्लधर्मी असते व दिलेले स्फुरद धरून ठेवते, पिकाला मिळू देत नाही. येथे माती परीक्षणानुसार चुना दिल्यास सामू सुधारतो व दिलेल्या खताचे चीज होते.

घाटमाथ्याच्या पूर्वेस चित्र उलटे आहे. बेसाल्ट खडकापासून झालेल्या आपल्या बहुतेक काळ्या जमिनींचा सामू ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असून त्यांत चुनखडी मुळातच आहे. शेतात नांगरट केल्यावर पांढरे खडे दिसतात, ते तिचेच. अशा जमिनीत आणखी चुना टाकल्यास लोह, जस्त व स्फुरद पिकास मिळणे अधिकच अवघड होते. ऊस, भुईमूग, संत्रा, मोसंबी यांची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यावर चुना नव्हे, तर शेणखत आणि शेणखतात मुरवलेले हिराकस हा उपाय आहे.

आपली जमीन चुनखडीची आहे का, हे घरीही ढोबळमानाने पाहता येते. वाळलेल्या मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे किंवा कडक व्हिनेगरचे थेंब टाकावेत. फसफसले तर चुनखडी आहे, चुना देऊ नये. मात्र फसफसले नाही म्हणजे लगेच चुना टाकावा असेही नाही. मात्रा प्रयोगशाळेच्या अहवालावरूनच ठरवावी.

चोपण जमिनीसाठी जिप्सम वापरतात. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, तो चुना नव्हे. त्यातील कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हटवते व निचऱ्याच्या पाण्याबरोबर सोडियम निघून जाते. जिप्समने सामू वाढत नाही, चुन्याने वाढतो. म्हणून एकाऐवजी दुसरे वापरता येत नाही.

परसबागेतील टोमॅटोचे फळ बुडाशी काळे पडते ते फळाला कॅल्शियम न पोहोचल्यामुळे. परंतु काळ्या जमिनीत कॅल्शियम भरपूर असते. कमी पडते ते नियमित पाणी. एकदा ताण व एकदा भरपूर पाणी असे न करता वाफसा कायम ठेवावा व आच्छादन करावे.

कोकणात चुना द्यायचा झाल्यास लागवडीपूर्वी दोन-तीन आठवडे मातीत मिसळावा. अमोनियम सल्फेट, युरिया, डीएपी किंवा ताजे शेण यांच्याबरोबर चुना कधीही मिसळू नये. मिसळल्यास नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जाते.

बोर्डो मिश्रण

फ्रान्समधील बोर्दो परिसरात वाटसरूंनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडत असत. त्या वेलींवर केवडा रोग कमी असल्याचे मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले व १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण प्रसिद्ध केले. सुपारीवरील कोळेरोग, द्राक्षावरील केवडा यांसाठी ते आजही उपयोगी आहे. यात चुना मोरचुदाची दाहकता मारतो, त्यामुळे पाने करपत नाहीत.

एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात व १ किलो ताजा कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटर पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. नंतर मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या द्रावणात ओतत ढवळावे, उलट करू नये. भांडी प्लॅस्टिकची, लाकडी किंवा मातीची असावीत. तयार मिश्रणात लोखंडी विळा किंवा सुरी मिनिटभर बुडवून पाहावी. पात्यावर तांबूस थर आला तर आणखी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. लिंबूवर्गीय झाडांच्या डिंक्या रोगासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी यांची पेस्ट पावसाळ्यापूर्वी व नंतर खोडास लावावी.

चुना हाताळताना

कळीचा चुना निवताना पाणी उसळते. चुना थोडा थोडा पाण्यात सोडावा, वाकून पाहू नये, मुलांना दूर ठेवावे. चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलांच्या हाती देऊ नये. ती फुटून चुना डोळ्यांत गेल्याने दृष्टी गमावण्याची वेळ येते. असे झाल्यास डोळा न चोळता लगेच स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान १५ ते २० मिनिटे धरावा, पापणी उलटून चुन्याचे कण काढावेत आणि तातडीने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. तूप, तेल किंवा लिंबाचा रस घालू नये.

लक्षात ठेवा

१) मीठ भांड्यात वापरावे, मातीत नको.

२) मिठाच्या द्रावणातील बी धुऊन, सावलीत वाळवूनच पेरावे.

३) मातीबरोबर ओलिताच्या पाण्याचेही परीक्षण करावे.

४) कोकणच्या आम्ल जमिनीला चुना, चोपण जमिनीला जिप्सम, चुनखडीच्या काळ्या जमिनीला सेंद्रिय खत.

५) चुना आणि नत्रयुक्त खत एकत्र मिसळू नये.

माती व पाणी परीक्षणासाठी आपल्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी किंवा जिल्हा मृद परीक्षण प्रयोगशाळेशी संपर्क साधावा. परीक्षणाचा खर्च एका पोत्याच्या किमतीहून फारसा नसतो, आणि नको असलेले पोते जमिनीत टाकण्याची वेळ त्यामुळे टळते.